ईसीजी नॉर्मल होता, मग भाऊजी गेले कसे?

डॉक्टर, नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी माझे मोठे दीर हार्ट अटॅकने गेले. वय फक्त ४७. पहाटे छातीत जळजळतंय म्हणाले. पित्त झालं असेल म्हणून मीच ओव्याचं पाणी करून दिलं, नंतर सोडा दिला. दोन तासांनी दरदरून घाम फुटला. मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात न्यायला निघालो, पण वाटेतच सगळं संपलं. महिनाभर आधी त्यांनी फुल बॉडी चेकअप केलं होतं, त्यात ईसीजी नॉर्मल होता. दारू नाही, सिगारेट नाही. सासऱ्यांनाही ५२व्या वर्षी अटॅक आला होता. आता माझे मिस्टर (वय ४३, हार्डवेअरचं दुकान) धास्तावलेत. तूप आणि शेंगदाणे बंद केलेत. ब्लॉकेज उघडणारा म्हणून लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा घेतात, आणि अँजिओग्राफी करूनच टाकू म्हणतात. बीपी एकदा १४८/९४ आलं होतं, पण गोळी सुरू झाली की सुटत नाही म्हणून घेत नाहीत. सासूबाई म्हणतात, घराण्यातच आहे, नशिबात असेल ते होईल. जाऊबाईंना दोन मुलं आहेत, १९ आणि १५ वर्षांची. आम्ही काय करावं?
– एक भगिनी, बार्शी तालुका

ताई,

आधी त्या ओव्याच्या पाण्याबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जड वाक्य तेच आहे. हृदयाकडून आणि अन्ननलिकेकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा मणक्यात जवळपास एकाच ठिकाणी पोचतात. त्यामुळे दुखणं नेमकं कुठून येतंय हे खुद्द पेशंटलाही कळत नाही. आम्हा डॉक्टरांनाही नुसतं ऐकून ‘हे पित्त’ आणि ‘हे हार्ट’ असं सांगता येत नाही. ईसीजी काढावा लागतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन बघावं लागतं, कधी कधी दोन्ही काही तासांनी पुन्हा करावं लागतं. तुम्ही पहाटे उठून माणसाला आराम पडावा म्हणून जे हाताशी होतं ते दिलंत. त्यात तुमचा काही दोष नाही. हे जाऊबाईंच्या आणि सासूबाईंच्या देखत कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. कुणी म्हणत नसेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवा.

आता तुमचा प्रश्न. ईसीजी नॉर्मल होता, मग असं कसं झालं?

साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत हृदयातून विजेचे संदेश कसे फिरतायत, एवढंच त्या कागदावर उमटतं. अटॅक चालू असेल, पूर्वी येऊन गेला असेल, ठोके अनियमित असतील, तर ईसीजी फार कामाचा. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांच्या भिंतीत काय साठत चाललंय, हे तो सांगत नाही. ट्रेडमिलवर पळवून करतात त्या स्ट्रेस टेस्टचंही बरंचसं तसंच. धमनी साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास अरुंद झाली की मगच ती टेस्ट बिघडलेली दिसते. आणि अचानक येणारे अटॅक पुष्कळदा त्याहून कमी अरुंद जागी येतात.

हे जरा सविस्तर सांगतो. ब्लॉकेज वाढत वाढत एक दिवस शंभर टक्के होतं आणि मग अटॅक येतो, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वर्षानुवर्षं धमनीच्या भिंतीत आत शिरत राहतं. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी ते गिळतात, सूज येते, वर पातळ पापुद्रा तयार होतो. त्वचेखाली पिकलेल्या पुळीसारखंच ते. मोठी पण निबर पुळी कदाचित कधीच फुटत नाही, आणि लहानशी, पातळ सालीची पुळी पटकन फुटते. आतला ऐवज रक्ताला लागला की शरीराला तिथे जखम झाल्यासारखं वाटतं आणि काही मिनिटांत गुठळी धरते. काल चाळीस टक्के अरुंद असलेली धमनी आज पहाटे पूर्ण बंद. तिच्यापुढचा हृदयाचा स्नायू रक्तावाचून मरायला लागतो. महिनाभर आधीचा ईसीजी खोटा नव्हता, पण या गोष्टीबद्दल त्याला काही बोलताच येत नाही. पॅकेजमधून हातात पडलेल्या फाईलवर ‘ऑल नॉर्मल’ लिहिलेलं असतं आणि माणूस निर्धास्त होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ही साठवण कधी सुरू होते? १९५३ साली कोरियाच्या युद्धात मेलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२. त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून जास्त जणांच्या धमन्यांत हा आजार डोळ्यांना दिसत होता. भाऊजींचा आजारही त्या पहाटे सुरू झालेला नव्हता. तो इतका सावकाश वाढतो, म्हणूनच तुमच्या मिस्टरांकडे अजून वेळ आहे.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला ५५ वर्षांच्या आत, आईला किंवा बहिणीला ६५च्या आत हा आजार झाला असेल, तर धोका नक्की वाढतो. तुमच्या मिस्टरांना वडील आणि भाऊ दोन्हीकडून तो आहे. शिवाय आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या जगात ५९च्या आसपास. पण त्याच अभ्यासाने २००४ साली हेही दाखवलं की तंबाखू, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, साखर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या, व्यायाम आणि दारू या नऊ गोष्टींतच पहिल्या अटॅकचा सुमारे नव्वद टक्के धोका मावतो. २०१६ साली आणखी एक मोठं काम प्रसिद्ध झालं. जन्मतःच जनुकांमुळे सर्वाधिक धोका असलेल्या लोकांपैकी ज्यांची राहणी चांगली होती, त्यांना हा आजार जवळपास निम्म्याने कमी झाला. सासूबाईंना एवढंच सांगा की घराण्यात आहे म्हणूनच आपण इतरांपेक्षा आधी आणि जास्त काटेकोर व्हायचं.

‘दारू नाही, सिगारेट नाही’ असं तुम्ही लिहिलंत. तंबाखूबद्दल काहीच लिहिलं नाहीत. आपल्याकडे खिशात चुन्याची डबी असलेल्या माणसालाही निर्व्यसनी म्हणतात, म्हणून मुद्दाम विचारतो. भाऊजी तंबाखू मळायचे का? मिस्टर दुकानात बसल्या बसल्या मळतात का, गुटखा, मावा? सासूबाई मिश्री लावतात का? तंबाखूचा धूर काढला नाही तरी निकोटीन रक्तात जातंच, आणि चघळण्याच्या तंबाखूने अटॅकचा धोका दुपटीहून अधिक वाढतो, हे इंटरहार्टमध्येच दिसलंय. घरात हे असेल तर बाकी सगळ्याच्या आधी ते सोडवायला घ्या. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन आहे. निकोटीनच्या गोळ्या, च्युइंगगम मिळतात, त्यांची मदत घेण्यात कमीपणा नाही.

मिस्टरांच्या अँजिओग्राफीकडे येतो. त्यांना चालताना, जिना चढताना, सिमेंटचं पोतं सरकवताना छातीत आवळल्यासारखं होतं का? थांबलं की कमी होतं का? पूर्वी सहज व्हायचं त्या कामाने आता धाप लागते का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि बसल्या जागी दुखायला लागलं असेल तर आजच. काहीच त्रास नसेल, तर नुसत्या भीतीपोटी अँजिओग्राफी करायची नसते. धमनीत नळी घालून करायची ती तपासणी आहे, तिचे स्वतःचे थोडे धोके आहेत. आणि त्यात पन्नास-साठ टक्क्यांचं काही सापडलं तर घरचे सगळे मिळून ‘स्टेंट टाकून मोकळे होऊ’ म्हणतात, हे मी पुन्हा पुन्हा बघतो. २०२० साली इस्किमिया नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. ३७ देश, ५,१७९ पेशंट. सगळ्यांना कोरोनरी आजार होता, पण प्रकृती स्थिर होती आणि मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा नव्हता. निम्म्यांना सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडून तिथे स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवणं) किंवा बायपासच्या वाटेने नेलं, निम्म्यांना नीट औषधं दिली. तीन-साडेतीन वर्षांत मृत्यू आणि अटॅक यांत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अटॅक चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्याबद्दल वाद नाही. छातीतलं दुखणं औषधांनी आटोक्यात येत नसेल तरही तिचा उपयोग होतो. पण स्टेंट एका जागी बसतो, आणि आजार सगळ्या धमन्यांत असतो.

मग पैसे कशावर खर्च करायचे? मिस्टरांचं लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), एवढं पुरे. बार्शीतच सगळं होईल. याला जोडून आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए तपासा. हा कोलेस्टेरॉलचाच एक आनुवंशिक प्रकार आहे, नेहमीच्या पॅकेजमध्ये तो सहसा नसतो, आणि तुमच्यासारख्या घरात तो बघायलाच हवा. इतकं करूनही कोलेस्टेरॉलची गोळी द्यावी की नाही अशी शंका डॉक्टरांना राहिली, तर सीटी स्कॅनवर कॅल्शियम स्कोअर, म्हणजे कोरोनरी धमन्यांच्या भिंतीत किती कॅल्शियम साठलंय त्याचा आकडा, काढता येतो. कंबरेचा घेर शिंप्याच्या टेपने घरीच मोजा, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात.

बीपी ‘एकदा आलं होतं’ याला अर्थ नाही. दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं, खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवरून नाही. मोजताना बोलायचं नाही, दुकानाचा फोन तर अजिबात नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा घ्या, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस, आणि दुकानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर ते बीपीच आहे, टेन्शन नव्हे. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांचं अर्धं काम झालेलं असेल.

गोळी सुटत नाही, हे खरं आहे. पण ती गोळीची सवय लागते म्हणून नव्हे, आजार जात नाही म्हणून. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डोस कमी होतो, काहींची गोळी थांबतेही. घ्यायची नाही म्हणून गोळी टाळली, तर बीपी मात्र रात्रंदिवस धमनीची भिंत खरवडत राहतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीबद्दल तर याहून जास्त भीती आहे. १९९४ साली स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरोग्यांवर झालेल्या चाचणीत या गोळीने मृत्यू तीस टक्क्यांनी कमी केले. ज्यांना अजून अटॅक आलेला नाही पण धोका जास्त आहे, त्यांनाही पुढे फायदा दिसला. एलडीएल उतरतं, आणि भिंतीतली साठवण निबर होते, फुटायची शक्यता कमी होते. अंग दुखतं अशी तक्रार पुष्कळ जण करतात, पण गोळी की नुसती साखरेची वडी हे कुणालाच माहीत नसताना दिली, तर दोन्ही गटांत जवळपास सारखंच दुखतं. साखर किंचित वाढू शकते, म्हणून ती तपासत राहायचं. एलडीएल किती असावं? आपल्या कार्डिओलॉजिकल सोसायटीने २०२४ साली भारतीयांसाठी सांगितलंय: सर्वसाधारण माणसाचं १००च्या आत, जास्त धोका असलेल्याचं ७०च्या आत, अटॅक येऊन गेलेल्याचं ५५च्या आत. लॅबच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा याहून सैल असते, तिच्यावर विसंबू नका. मिस्टर कोणत्या गटात बसतात हे त्यांचे डॉक्टर आकडे बघून ठरवतील. जनऔषधी केंद्रात या गोळ्या फार स्वस्त मिळतात. एक मात्र करू नका: शेजारच्या कुणी सांगितलं म्हणून रोजची ॲस्पिरिन सुरू करणं. ज्यांना हृदयाचा आजार झालेला नाही त्यांना रोजच्या ॲस्पिरिनने रक्तस्रावाचाच धोका बहुधा जास्त.

काढ्याचं सांगतो. साठवण धमनीच्या पोकळीत नसते, भिंतीच्या आत असते, तिथे जाऊन ती विरघळवणारं काहीही पिऊन मिळत नाही. आलं-लसूण जेवणात भरपूर घाला. काढ्याने पित्त वाढेल, दात आंबतील, पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. काढा घेणाऱ्या माणसाला उपचार चालू असल्यासारखं वाटतं, आणि बीपीची गोळी डबीत तशीच राहते.

शेंगदाणे का बंद केले? मूठभर शेंगदाण्यांनी हृदयाला फायदाच होतो. सोलापूरकडच्या माणसाने शेंगदाण्याची चटणी सोडावी असं मी कधीच सांगणार नाही, त्यातलं मीठ तेवढं निम्मं करा. तूप वरणभातावर अर्धा चमचा असेल तर चालेल, एलडीएल वाढलेलं असेल तर तेही आवरतं घ्यावं लागेल. घरात महिन्याला तेल किती लागतं ते मोजा. माणशी अर्धा ते पाऊण लिटरच्या वर जाऊ देऊ नका, मग ते करडईचं असो की शेंगदाण्याचं. दुकानात चार वाजता चहाबरोबर येणारी भजी, खारी, फरसाण हे खरं बंद करण्यासारखं. वडे-भज्यांच्या कढईतलं तेल दिवसभर तापत असतं. मीठ माणशी दिवसाला एक सपाट चमचा, त्यात लोणचं, पापड, शेव सगळं आलं. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी हे तुमच्याकडे आहेच, तेच वाढवा आणि भाताचा ढीग कमी करा. आणि सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत गल्ल्यावर बसून राहणं हेच एक दुखणं आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. दुकान उघडायच्या आधी अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. एकदम जिम लावून वजनं उचलायला जाऊ नका.

भाऊजींच्या चेकअपची फाईल शोधून काढा. सगळ्यांनी त्यातला ईसीजी बघितला, आता लिपिडचं पान बघा. एलडीएल १९० किंवा त्याहून वर असेल, तर तो घराण्यातून येणारा कोलेस्टेरॉलचा आजार असू शकतो, आणि तसा असेल तर प्रत्येक मुलात तो उतरायची शक्यता निम्मी असते. ते पान सापडो न सापडो, वडील ४७व्या वर्षी गेलेत म्हणून जाऊबाईंच्या दोन्ही मुलांचं लिपिड प्रोफाइल यंदाच करा. मुलांना घाबरवू नका. एकोणिसाव्या वर्षी कळलं तर करण्यासारखं खूप असतं.

शेवटी तयारीचं. छातीत दाब, आवळल्यासारखं, जळजळ, ती जबड्यात, खांद्यात, हातात किंवा पाठीत जाणारी, सोबत घाम, मळमळ, धाप, आणि दहा-पंधरा मिनिटांत न जाणारी: पित्त म्हणायचं नाही. १०८ला फोन करायचा. पेशंटने चालायचं नाही, जिना उतरायचा नाही, दुचाकीवर बसायचं नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायला द्या, १०८वरच्या माणसाला विचारून. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) मात्र डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली नसेल तर देऊ नका, बीपी एकदम खाली जाऊ शकतं. माणूस कोसळला, हाक मारून ओ देत नाही, श्वास नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. रात्री दोन वाजता तुमच्या गावापासून जवळ ईसीजी कुठे निघतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुठे मिळतं, हे मिस्टरांनी याच आठवड्यात स्वतः जाऊन विचारून यावं. अँजिओप्लास्टीचं केंद्र दोन तासांत गाठता येणार नसेल तर आधी ते इंजेक्शन जवळच घ्यायचं आणि मग पुढे न्यायचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं हॉस्पिटल आहे तेही तेव्हाच विचारा, रेशन कार्ड आणि आधारच्या प्रती एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा.

ताई, पत्रात तुम्ही घरातल्या सगळ्यांचं लिहिलंत, स्वतःचं एक अक्षर नाही. मिस्टरांबरोबर तुमचंही बीपी आणि साखर तपासा, सासूबाईंचंही. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. नुसती धाप, जबड्यात किंवा पाठीत कळ, कधी न आलेला थकवा, एवढंच होऊ शकतं. तसं तुम्हाला कधी झालं, तर भाकऱ्या उरकून मग सांगते असं करू नका. तवा खाली उतरवा आणि लगेच हाक मारा.